भाटांची नियमावली आणि एक बुटका

एखाद्या माणसाच्या हातून बुटका मारला गेला, तर त्यामागे जुनं वैर असणार असं लोक धरून चालतात. माझ्या बाबतीत वैर नव्हतं, शिस्त होती. ही गोष्ट मी आमच्या इमारतीत जिन्यात, गच्चीवर आणि गाड्या लावायच्या जागेत अनेकांना समजावून सांगितली आहे. तरी अजूनही खालच्या मजल्यावरची काही माणसं माझ्याकडे बघून दार जरा हळूच लावून घेतात.

हा बुटका प्रत्यक्षात सहा फूट उंच आहे आणि दातांचा डॉक्टर आहे. माझ्या मुलीचा मित्र. दर रविवारी दुपारी तो, बँकेत नोकरी करणारी एक मुलगी आणि आणखी एक मुलगा असे आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती जमतात आणि एक खेळ खेळतात. या खेळाला पट नाही, पत्ते नाहीत. माझी मुलगी टेबलाच्या टोकाला पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून बसते आणि एका काल्पनिक राज्यात काय चाललं आहे ते सांगते. बाकीचे त्या राज्यातली एकेक व्यक्ती होतात. डॉक्टर हा कुऱ्हाड चालवणारा बुटका, बँकवाली ही चेटकीण. कोणी काही करायला गेलं की वीस बाजूंचा एक फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. माझ्या कचेरीतही कारभार साधारण असाच चालतो, फक्त फासा दाखवत नाहीत.

तिसरा मुलगा भाट होता. भाट म्हणजे लढाईत मागे उभं राहून गाणारा आणि गाण्याने इतरांचं बळ वाढवणारा. या भाटाला परगावी नोकरी लागली आणि तो गेला. चौथं माणूस मिळालं नाही तर खेळ बंद करावा लागेल, असं मुलगी फोनवर कोणाला तरी सांगत होती. मी ते ऐकलं आणि म्हणालो, मी येतो.

आता मी हे का म्हणालो? मुलगी मोठी झाल्यापासून आठवडाभर माझ्याशी बोलते ते मोजकंच. पण रविवारी दुपारी मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन पडलेला असताना बाहेरून तिचा आवाज यायचा. ती कधी खोकणारा राजा व्हायची, कधी उर्मट पहारेकरी, कधी बोलकी विहीर. मी पेपरातलं तेच पान पुन्हा पुन्हा वाचत राहायचो. इतकी गमतीशीर मुलगी आपल्या घरात राहते आणि आपली तिच्याशी ओळख नाही, याचं मला वाईट वाटायचं. आणि तिच्याशी ओळख करून घ्यायचा रस्ता त्या टेबलावरूनच जात होता.

"जा हवं तर," बायको म्हणाली. "पण तुम्ही जाल तिथे परिपत्रक काढता. तिथे काढू नका."

मी पाणीपुरवठा खात्यात मसुदे लिहितो. शहरात पाणी येणार असेल तर ते माझ्या वाक्यातून येतं आणि येणार नसेल तरी माझ्याच वाक्यातून येत नाही. तेव्हा बायकोच्या बोलण्याकडे मी व्यावसायिक मत्सर म्हणून दुर्लक्ष केलं. ती शाळेत गणित शिकवते.

पहिला रविवार झकास गेला. एका गुहेत बुटका घाबरला, तेव्हा भाट या नात्याने मी त्याला धीर देणारं छोटंसं भाषण केलं. त्यात "वरिष्ठ पातळीवर तुझ्या शौर्याची दखल घेतली जाईल" असं एक वाक्य होतं. मुलगी खळखळून हसली. माझ्या बोलण्यावर ती शेवटची कधी हसली होती ते मला आठवेना. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं, असं आता वाटतं.

कारण पुढे खेळातल्या एका सराईमध्ये मी चार वादक जमवले. एक ढोलवाला, दोन बासरीवाले आणि एक झांज वाजवणारी म्हातारी. मग मी सहज विचारलं, की एका भाटाच्या गाण्याने बुटक्याचं बळ इतकं वाढतं, तर भाट आणि चार वादक मिळून वाजवायला लागले तर किती वाढेल? खेळाचा नियमग्रंथ विटेएवढा जाड होता. अजगराचं कातडं कसं सोलावं याला त्यात पाच पानं दिली होती. समूहाने वाजवणाऱ्या भाटाबद्दल एक अक्षर नव्हतं.

"तुम्हीच काहीतरी ठरवून आणा ना, बाबा," मुलगी म्हणाली. "साधंसंच. चार ओळी."

माझ्यासारख्या माणसाला चार ओळी लिहायला सांगणं म्हणजे हत्तीला चमचाभर पाण्यात आंघोळ करायला सांगणं. दुसऱ्या दिवशी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी बसलो आणि आधी व्याख्या घेतल्या. भाट म्हणजे कोण. समूह म्हणजे काय. समूह म्हणजे एकाहून अधिक परंतु जमावाहून कमी, असं लिहून मी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ त्या वाक्याकडे कौतुकाने बघत बसलो.

इथवर प्रकरण माझ्यापुरतं होतं. चूक झाली ती जिन्यात. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त वकीलसाहेब राहतात. निवृत्त झाल्यापासून त्यांच्यासमोर कोणी भांडलेलं नाही, त्यामुळे त्यांची प्रकृती खालावली आहे. त्यांना मी मसुदा दाखवला. ते जिन्यातच पायरीवर बसले, चष्मा लावला आणि म्हणाले, की समूहातला एखादा जण बेसूर झाला आणि त्यामुळे बुटक्याला इजा झाली, तर नुकसानभरपाई कोण देणार? भाट की बेसूर झालेला? माझं जेवण गेलं. हा मुद्दा मला सुचला कसा नाही? त्या एका प्रश्नातून एक पूर्ण प्रकरण निघालं, आणि वकीलसाहेबांच्या गालावर रंग आला.

समूह प्रत्यक्षात कसा चालतो हे जाणकाराला विचारावं म्हणून मी चौकातल्या बँडमास्तरांकडे गेलो. त्यांच्या दुकानात छताला ढोल टांगलेले असतात, त्यामुळे तिथे नम्रपणेच उभं राहावं लागतं. म्होरक्याच्या अंगी मुख्य गुण कोणता हवा, असं मी विचारलं. त्यांनी खिशातून टेप काढली आणि माझ्या डोक्याचं माप घेतलं. त्यांच्या मते टोपी हेच सगळं. टोपी नसलेल्या माणसाकडे वादक बघत नाहीत, आणि वादक बघत नसले की म्होरक्या म्हणजे रस्त्यात हात हलवणारा वेडा. मी टोपीचं कलम घातलं. पिसाची लांबी मोकळी ठेवली.

यानंतर इमारतीचे सचिव आले. वकीलसाहेबांनी त्यांना मसुदा दाखवला होता. आमचे सचिव म्हणजे जिन्यात कोणाची चप्पल वाकडी पडली तरी फलकावर सूचना लावणारे गृहस्थ. त्यांनी विचारलं, की हे सामूहिक सादरीकरण कुठे होणार आहे? मी म्हणालो, एका पुलावर, दगडी राक्षसासमोर. पूल कोणाच्या हद्दीत येतो, असं त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. तेव्हा ते म्हणाले, की पूल कुठेही असो, बसून वाजवणार तुम्ही आमच्या इमारतीत, तेव्हा रीतसर अर्ज करा.

मी अर्ज केला. मी प्रामाणिक माणूस आहे. सहभागी व्यक्ती या रकान्यात मी वादक, काल्पनिक, असं लिहिलं, आणि खाली चेटकीण व बुटका यांचीही नोंद केली. अर्ज परत आला. काल्पनिक व्यक्तींची ओळखपत्रं जोडावीत, असा शेरा होता. ती जोडता येत नाहीत असं मी कळवलं, तेव्हा दुसरा शेरा आला. बुटका सज्ञान आहे काय? नसल्यास पालकांचं संमतिपत्र. मी लिहिलं, की बुटक्याचं वय दोनशे वर्षं आहे. त्यावर ज्येष्ठ नागरिक असल्यास लिफ्टची सवलत मिळेल, असं उत्तर आलं. सचिवांशी हा पत्रव्यवहार करताना आयुष्यात प्रथमच मला आमच्या खात्याच्या ग्राहकांची कीव आली.

शेवटी वकीलसाहेबांनी तडजोड घडवली. नियमांची एक जाहीर चाचणी घ्यायची, त्यात सचिवांनाही घ्यायचं, म्हणजे परवानगी आपोआप मिळते. त्या बदल्यात सचिवांचं एक कलम मसुद्यात घालायचं. ते कलम गणपूर्तीचं होतं. सगळे सदस्य हजर असल्याशिवाय समूहाने एक सूरही काढायचा नाही. सचिवांचा गणपूर्तीवर फार विश्वास. तिच्या अभावी त्यांनी आजवर आमच्या इमारतीची एकही सभा होऊ दिलेली नाही.

चाचणी गाड्या लावायच्या जागेत झाली. मी टोपी घालून पालथ्या बादलीवर उभा होतो. वकीलसाहेबांकडे ताट आणि डाव, सचिवांकडे वाकड्या लावलेल्या गाड्या हटवायची शिट्टी, बँडमास्तरांकडे मोठा ढोल. वर गॅलरीत बायको कपडे वाळत घालत होती. मी हात वर केला. पहिल्यांदा ढोल वाजला, कारण बँडमास्तरांना वाटलं मी हात खाली आणतोय. मग शिट्टी वाजली, कारण सचिवांना वाटलं ढोल चुकला. वकीलसाहेबांनी ताट न वाजवता हरकत नोंदवली. टोपी डोळ्यांवर आली आणि मला काही दिसेनासं झालं, तरी नियमाप्रमाणे मी हात हलवत राहिलो. एवढ्यात कोणाच्या तरी गाडीचा भोंगा सुरू झाला. बँडमास्तर म्हणाले, इथे ताल कळतो तो याला एकट्याला.

गाडीचा मालक धावत खाली आला आणि हे कोणी सुरू केलं असं त्याने विचारलं. तिघांनीही एकाच क्षणी माझ्याकडे बोट दाखवलं. समूहाने एकत्र केलेली ती एकमेव कृती. वर गॅलरीत बायको चादरीमागे गेली आणि चादर बराच वेळ हलत होती.

चाचणीतल्या प्रत्येक फजितीपोटी एक कलम वाढलं, आणि रविवारी मी नियमावलीच्या प्रती घेऊन टेबलाशी बसलो. मुलीने प्रत हातात घेतली, तिचं वजन पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती आडोशामागे ठेवली.

खेळ पुलापाशी आला. पुलावर दगडी राक्षस आडवा उभा. त्याला फक्त संगीताने झोप येते, हे आम्हाला आधीच कळलं होतं. डॉक्टर खुर्चीत पुढे सरकला. त्याचे डोळे चमकत होते.

"काका, तुम्ही सुरू करा. मी त्याला थोपवून धरतो."

बुटका कुऱ्हाड घेऊन पुलावर धावला. मी नियमाप्रमाणे हजेरी घेतली. ढोलवाला होता, बासरीवाले होते. झांजवाली म्हातारी तंबूत झोपली होती. मी तिला बोलावणं पाठवलं.

"राक्षसाने बुटक्याला धरलंय," मुलगी म्हणाली. "भाट काय करतोय?"

भाट गणपूर्तीसाठी थांबला आहे, असं मी सांगितलं. चेटकिणीने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मुलीने पुन्हा विचारलं, भाट काय करतोय, आणि या वेळी ती शब्द सुटे सुटे करून बोलली. मूर्खालाही कळावं की आपल्याला वाचवायचा प्रयत्न चाललाय, इतक्या स्पष्टपणे. मी प्रत उघडून कलम दाखवायला लागलो.

आडोशामागे फासा पडल्याचा आवाज झाला. मुलगी थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग हळू आवाजात तिने सांगितलं, की राक्षसाने पाय उचलला आणि ठेवला. बुटका गेला.

डॉक्टर शिकायला लागला तेव्हापासून हा बुटका त्याच्याबरोबर होता. परीक्षेत नापास झाला त्या रविवारी बुटक्याने एक अख्खा किल्ला जिंकला होता, हे मी आतल्या खोलीतून ऐकलं होतं. डॉक्टरने आपले फासे एकेक करून छोट्या पिशवीत भरले आणि दोरी ओढली.

"चालतंय, काका," तो म्हणाला. "खेळच आहे."

तो ते इतक्या सभ्यपणे म्हणाला, की त्यापेक्षा त्याने माझा एखादा दात काढला असता तर बरं झालं असतं. चेटकीण उठली आणि सगळ्यांचे कप धुवायला लागली. घरात कोणी गेलं की पाहुणे जशी कामं काढून करतात तशी. मुलीने आडोसा मिटला.

"मी चार ओळी म्हटलं होतं, बाबा," ती म्हणाली आणि खोलीत गेली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मुलगी बोलेना. वकीलसाहेब म्हणाले, की अपील करा. सचिवांनी तर परवानगीची नोंद बंद करायची म्हणून फलकावर सूचना लावली, की आपल्या इमारतीत दर रविवारी येणारे बुटके यांचे आकस्मिक निधन झाले असून यापुढे त्यांची लिफ्टची सवलत रद्द समजावी. ती वाचून वरच्या मजल्यावरच्या एक आजी भेटायला आल्या. बायकोचा हात हातात घेऊन त्यांनी विचारलं, की बरेच दिवस आजारी होते का?

"नाही हो," बायको म्हणाली. "एकदम गेला. ह्यांच्याच हातून."

आजी चहा न घेता गेल्या. मी बायकोला म्हणालो, की निदान तू तरी माझी बाजू घे. मी जे केलं ते नियमाने केलं. ती वह्या तपासत होती. लाल पेन खाली ठेवून तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही नियम कशाला लिहिलेत ते मला माहीत आहे. गावं लागू नये म्हणून."

यावर मी बरंच काही बोललो, पण ते सगळं खोकण्यासारखं झालं. खरी गोष्ट अशी, की मला गाता येत नाही. येत नाही म्हणजे, शाळेत समूहगीताच्या वेळी बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. म्हणून भाट झाल्यावर मी भाषणं केली, वादक जमवले, टोपी घेतली, कलमं लिहिली. भाटाने जे करायचं असतं तेवढं सोडून सगळं केलं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरच्या दवाखान्यात गेलो. माफी मागायची होती. पण दवाखान्यात नुसतं बोलायला आलोय असं सांगणं प्रशस्त दिसेना, म्हणून मी दाढ दुखतेय म्हणालो. त्याने मला खुर्चीत आडवं केलं, तोंड उघडायला लावलं, त्यात आरसा, कापूस आणि एक घरघरणारी नळी घातली. मनाची तयारी होऊन माझे शब्द ओठांवर आले ते नेमके याच वेळी. बुटक्याला परत आणायचा प्रयत्न करणार आहे, मी स्वतः गाणार आहे, तू फक्त ये, असं मी सांगितलं. ऐकणाऱ्याला ते आ, ऊ, आ असं ऐकू आलं असणार. दातांच्या डॉक्टरांना ही भाषा समजते की काय कोण जाणे. त्याने नळी बाहेर काढली आणि विचारलं, "तुम्ही? गाणार?" मी मान हलवली. तो बराच वेळ हात धूत राहिला. येतो म्हणाला. दाढ मात्र खरोखरच किडलेली निघाली.

रविवारी सगळे आले. अपिलाची सुनावणी आहे असं समजून वकीलसाहेब आणि सचिवही येऊन सोफ्यावर बसले. मुलीने नाइलाजाने आडोसा उभा केला, पण खेळ सुरू झाल्यावर तिचा आवाज बदललाच. मेलेले लोक एका काळ्या नदीच्या काठी बसलेले असतात, तिने सांगितलं. तिथे एक नावाडी असतो. भाट त्याच्याकडे एकदाच, फक्त एकदाच, आपलं माणूस मागू शकतो.

"नियम काय?" चेटकिणीने विचारलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं, की नियमावली स्वयंपाकघरात डब्यांखाली अंथरली आहे.

"मग गा, बाबा," मुलगी म्हणाली.

मी उभा राहिलो. एकही गाणं आठवेना. ऐकलेली सगळी गाणी एका रांगेत उठून दाराबाहेर निघून गेली. मग जन्मभर जी वाक्यं हाताने लिहिली तीच घशातून निघाली. "महोदय," मी सूर लावला, आणि तो लागला नाही. "उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की..." आवाज एकदा वर गेला तो तिथेच अडकला. सचिवांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता जमीन दुभंगून आत घेईल तर बरं.

एवढ्यात चेटकिणीने ओळ उचलली. बँकेत असल्यामुळे ही भाषा तिची मायबोलीच. "सदर बुटका," ती गायला लागली, "आमच्या ताब्यात देण्यात यावा." डॉक्टरने टेबलावर ठेका धरला. मेलेला माणूस स्वतःच्या सुटकेसाठी टेबल वाजवतोय हे वकीलसाहेबांना बेकायदा वाटलं असावं, पण त्यांचाही पाय हलायला लागला. "उचित कार्यवाही करण्यात यावी," सोफ्यावरून सचिव खड्या आवाजात म्हणाले, आणि तेच ध्रुपद झालं. बायको दारात येऊन उभी राहिली आणि तिनेही ते धरलं. माझा सूर कुठेच बसत नव्हता. पण आता तो एकटा नव्हता.

मुलीने फासा माझ्या हातात दिला. मी टाकला. फासा पाण्याच्या भांड्यावर आपटून थांबला. एक. वीस बाजूंपैकी सगळ्यात वाईट बाजू.

डॉक्टरचा हात टेबलावर तसाच राहिला. मुलगी त्या एकाकडे बघत बसली. मग तिने मान वर केली, आणि बोलली ती नावाड्याच्या घोगऱ्या, थकलेल्या आवाजात.

"मी इथे युगानुयुगं उभा आहे. इतकं वाईट गाणं मी ऐकलेलं नाही. पण म्होरक्या असं गात असताना ज्याची माणसं त्याला सोडून जात नाहीत, त्याचा बुटका अडवून ठेवण्यात अर्थ नाही. घेऊन जा."

चेटकीण किंचाळली. डॉक्टरने माझा हात इतक्या जोरात दाबला की दाढेत कळ आली.

"मात्र मोबदला लागेल," नावाडी म्हणाला. "बुटक्याचा आवाज माझ्याकडे राहील. त्याला इथून पुढे भाटाचा आवाज मिळेल."

डॉक्टर क्षणभर विचारात पडला. मग त्याने छाती भरून घेतली, मान माझ्यासारखी एका बाजूला कलती केली, आणि परत आलेल्या बुटक्याचं पहिलं वाक्य गाऊन दाखवलं. महोदयमधला म खालून निघाला, य वर जाऊन तिथेच अडकला. वकीलसाहेब टाळ्या वाजवायला लागले. सचिव डोळे पुसत होते.

"हुबेहूब," दारातून बायको म्हणाली.

मी याबद्दल तिथल्या तिथे लेखी निषेध नोंदवणार होतो. पण मुलगी हसत हसत आडोसा ओलांडून माझ्या बाजूला आली होती आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसायची काही थांबत नव्हती. लिहायचा हात तिच्याखाली अडकला होता. मी तो तसाच राहू दिला.